आमटीच्या वाटीएवढं अंतर

आमचे घरमालक कुणाला हाक मारत नसत. चहा झाला एवढं सांगायलासुद्धा ते किचनमधून जिना चढून वर येत, माझ्या खोलीचं दार वाजवत, मी दार उघडलं की एक पाऊल आत टाकून थेट माझ्या नाकासमोर उभे राहत आणि मग हळू आवाजात म्हणत, "चहा झालाय." तोवर चहाचं सरबत झालेलं असे. काकू खालून ओरडत की अहो, तिथूनच सांगा ना तिला. पण काकूंना उत्तर द्यायचं तर पुन्हा जिना उतरून त्यांच्यापर्यंत जावं लागणार, म्हणून काका तेही देत नसत.

मी पुण्याहून बेसिंगस्टोकला सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून आले तेव्हा या काका-काकूंच्या घरातली मागची खोली मला भाड्याने मिळाली. काका मूळचे कोल्हापूरकडचे. जन्मभर इथे दातांचे डॉक्टर होते आणि निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती. लांबून काही करायचं नाही हा बाणा त्यांनी दवाखान्यातून आणला की जंगलातून, हे मला कधी नीट कळलं नाही. विचारलं की एकच उत्तर मिळे, "दात लांबून काढता येत नाही." हे वाक्य ते कशालाही लावत. कौन्सिलला ईमेल करायच्या ऐवजी तिथे जाऊन उभे राहत. शेजारणीच्या झाडाची फांदी कुंपणावर आली तर तिच्या दारात जात, आणि दार उघडताच ती बिचारी दचकून मागे सरके, कारण तिला आधी नुसता चष्माच दिसे. कोविडमध्ये दोन मीटरचा नियम आला तेव्हा त्यांचं कसं झालं असेल असं मी एकदा काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, ते वर्ष त्यांनी जवळजवळ मौनातच काढलं.

जंगलाचा भाग मला दुसऱ्या आठवड्यात कळला. मी शाकाहारी. गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये मटार असतील म्हणून झाकण उघडलं आणि किंचाळले. काका आले, जवळ येऊन उभे राहिले आणि त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं की हे हरिण आहे, परवाना काढून मारलेलं आहे आणि मटार डावीकडे आहेत. हरणासारख्या गरीब जनावराला का मारायचं, हा प्रश्न इथल्या मराठी मंडळातल्या प्रत्येक नव्या माणसाने त्यांना विचारलेला होता, मीही विचारला. त्यांचं म्हणणं असं, की या देशातला लांडगा केव्हाच संपला. हरणं वाढत चालली, लावलेली रोपं बोटभर होण्याआधी खाऊन टाकतात. लांडग्याचं काम कुणीतरी करायला हवं. "पण लांडगा काही लांबून चावत नाही," असं ते शेवटी म्हणत आणि विषय त्यांच्यापुरता संपे. रस्सा ते गॅरेजमध्ये वेगळ्या शेगडीवर करत, कारण काकू किचनमध्ये करू देत नसत. खायला मात्र काकू पहिल्या असत.

त्यांच्या खिशात कायम टाल्कम पावडरची एक छोटी बाटली असे. ती दाबली की पांढरा फुसकारा उडतो आणि वारा कुठून कुठे चाललाय ते दिसतं. आपला वास हरणाकडे जात असेल तर वाट बदलायची, हा तिचा जंगलातला उपयोग. पण काका ती सुपरमार्केटच्या कार पार्कमध्येही दाबत. काकू फोडणी घालायला लागल्या की किचनच्या दारात एक फुसकारा सोडून आज कुठल्या खोलीतला स्मोक अलार्म वाजणार ते आधीच जाहीर करत. बहुतेक वेळा त्यांचा अंदाज बरोबर ठरे आणि बहुतेक वेळा ती खोली माझी असे.

या सगळ्या सोहळ्यात मोठा मान होता तो काकूंच्या आमटीच्या वाटीला. दर एप्रिलमध्ये काका ती स्टीलची वाटी जाड कागदावर उपडी ठेवून पेन्सिलीने गोल काढत. हरणाच्या छातीत काळीज आणि फुप्फुसं असतात ती साधारण एवढ्याच जागेत. गोळी त्या गोलात बसली तर जनावराला काही कळायच्या आत संपतं. बाहेर बसली तर ते पळतं आणि कुठेतरी झुडपात तासन्‌तास मरत राहतं. मग खडूच्या एका जुन्या खाणीत जाऊन काका तो कागद लावत आणि तीन गोळ्या मारत, त्याही टेबलावर आरामात रायफल टेकवून नव्हे, तर जंगलात जशी वेळ येते तशा, गुडघ्यावर बसून आणि धापा टाकत. जिथून तिन्ही गोळ्या गोलाच्या आत बसतील ते त्यांचं त्या वर्षाचं अंतर. त्याहून लांबून मारायचं नाही, मग समोर साक्षात बारशिंगा येऊन उभा राहो.

लोक जशी आपली शुगर सांगतात तसे काका आपलं अंतर सांगत. "यंदा एकशेवीस." ते मीटरमध्ये असे. तरुणपणी दोनशे होतं म्हणे. डोळे आणि हात थकत गेले तसं अंतर आखडत गेलं, आणि अंतर आखडलं तसं काकांना हरणाच्या आणखी जवळ जावं लागू लागलं. म्हणजे सत्तरी उलटलेला हा माणूस दरवर्षी आदल्या वर्षीपेक्षा जास्त सरपटत होता. काकूंना हे मुळीच पसंत नव्हतं. चिखलाने भरलेल्या पँट्स त्यांना धुवाव्या लागत आणि जेवणाच्या वेळी वाटी हमखास गॅरेजमध्ये सापडे.

ज्याच्या शेतावर ते जात तो इंग्रज शेतकरी त्यांच्याच वयाचा होता. त्याच्या किचनमधल्या कॅलेंडरवर ईस्टर आणि ख्रिसमसच्या जोडीला 'श्रावण' लिहिलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. देवधर्म काकांचा यथातथाच, पण श्रावणात ते रायफलला हात लावत नसत. शेतकऱ्याची खात्री होती की हे हरणांनाही ठाऊक आहे, त्या महिन्यात ती दारापर्यंत येऊन त्याचे गुलाब खातात. एका वर्षी अधिक श्रावण आला, तेव्हा ही बातमी द्यायला काका जातीने गेले. यंदा दोन श्रावण आहेत हे ऐकून त्या माणसाने कॅलेंडरची पानं मागेपुढे करून पाहिली. मग त्याने विचारलं की हे कोण ठरवतं आणि त्याच्याशी बोलता येईल का.

मी एकदाच हौसेने त्यांच्याबरोबर गेले होते, ते या अधिक श्रावणाच्या आदल्या वर्षी, मे महिन्यात. ओढ्याच्या कडेने, खाजकुयलीची इंग्रज बहीण असावी अशा झुडपांतून आम्ही पोटावर सरकत होतो. माझ्या तोंडात माती गेली, काकांचा एक बूट मागे राहिला. शेवटी एक नर दिसला, रो जातीचं ते लहानखुरं तांबूस हरिण, इतक्या जवळ की त्याच्या कानावरची माशी दिसत होती. काकांनी रायफल खांद्याला लावली, बराच वेळ पाहिलं आणि खाली ठेवली. मध्ये एक काडी येत होती म्हणे, गोळी तिला लागून भलतीकडे गेली असती. नर निघून गेला. मला वाटलं आता चिडतील, तर हे गृहस्थ परतताना शीळ घालत होते. लांडगासुद्धा बहुतेक वेळा उपाशीच परततो, असं त्यांनी मला गाडीत सांगितलं.

काकांचा अभिमान एकच होता. घराचा नाही, मुलीच्या डिग्रीचा नाही, शेकडो इंग्रजांचे दात काढल्याचाही नाही. "माझ्या हातून आजवर एकही जनावर जखमी होऊन सुटलेलं नाही." मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात हे वाक्य येई. ते सुरू झालं की मागच्या रांगेतली माणसं ओठ हलवून सोबत म्हणत. काकांच्या ते लक्षात येत नसे, किंवा येत असेल आणि आवडत असेल.

या अभिमानाला धक्का लागला तो जावयामुळे, आणि तोही त्याच अधिक श्रावणात.

जावई मुंबईचा, वॉटफर्डला राहणारा, लंडनमध्ये फायनान्समध्ये. माणूस अगदी सज्जन, सासूला दर रविवारी फोन करणारा. लग्नानंतर त्याला लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा नाद लागला. अंतर मोजायचं यंत्र, वारा मोजायचं यंत्र आणि ही दोन्ही ज्याच्याशी बोलतात असं फोनमधलं ॲप, असा सगळा संसार त्याने जमवला होता. क्लबमध्ये तो पार पाचशे-सहाशे मीटरवरची लोखंडी प्लेट वाजवी. त्याचं आणि काकांचं जेवताना चाले. काका म्हणत, प्लेट चालत नाही. जावई म्हणे, पण गणित तेच आहे ना. गोळी किती खाली येणार, वारा तिला किती ढकलणार, सगळं आधी कळतं. काका म्हणत, वारा तीन ठिकाणी वेगळा असतो, माझ्यापाशी, मध्ये दरीत आणि जनावरापाशी, तुमचं यंत्र फक्त तुमच्या हातातला मोजतं. मग काकू म्हणत की भात वाढू का, आणि तो ते दोघे घेत.

अधिक महिन्यात जावयाला बोलावून धोंडे जेवण करतात. इथे वाढलेल्या मुलीला त्यातलं फारसं कळत नव्हतं, पण काकूंनी ठरवलं होतं की काही कमी पडू द्यायचं नाही. तेहेतीस अनारसे त्यांनी स्वतः तळले, त्यातले निम्मे हसले, ते आम्हाला मिळाले. उरलेल्यांतले बसतील तेवढे जावयाला वाण म्हणून चांदीच्या वाटीत दिले. वाटी अगदी लहान, तळहातात मावणारी, त्यामुळे एकच बसला आणि बाकीचे डब्यात गेले. जेवण झाल्यावर काकूंनी विचारलं, जावईबापू, आणखी काही हवं का. विचारायची रीत असते म्हणून विचारलं. तो म्हणाला, "आई, बाबांबरोबर एकदा हरणाला जायचंय. आज संध्याकाळी जमेल?"

काका म्हणाले, श्रावण आहे. काकूंनी निवाडा दिला की अधिकाला नेम लागू नाही, शिवाय श्रावण तुमचा आहे, त्यांचा नाही, आणि या महिन्यात जावयाला नाही म्हणायचं नसतं. असं एकापाठोपाठ एक तीन कायदे ऐकल्यावर काका बूट शोधायला उठले. जावयाच्या लायसन्सवर फक्त टार्गेटवर मारायची परवानगी होती, जनावरावर नाही, म्हणून रायफल काकांची घ्यायची आणि काकांनी बाजूला राहायचं असं ठरलं. काकूंनी मला हळूच सांगितलं, "तूही जा गं. दोघांच्या मध्ये कुणीतरी असू दे."

नर दिसला तो दरीच्या पलीकडच्या उतारावर, रानाच्या कडेला. काकांनी पावडर उडवली. वारा चांगला होता, डाव्या हाताच्या कुंपणाआडून सरकत गेलं तर तासाभरात त्याच्याजवळ पोचता आलं असतं. जावयाने यंत्र डोळ्याला लावलं आणि म्हणाला, साडेतीनशे. मग वारा मोजला, फोनवर बोटं फिरवली, रायफलवरच्या दुर्बिणीची चकती कटकट फिरवली.

"बाबा, डोंट वरी. क्लबमध्ये मी ह्याच्या ऑल्मोस्ट डबल डिस्टन्सला मारतो."

"जवळ जाऊ," काका म्हणाले.

"तोपर्यंत तो जाईल. आत्ता पर्फेक्ट उभा आहे, हलत पण नाहीये."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या ओठांवर अजून पुरणाची चव होती. मग ते जावयाकडे न बघता म्हणाले, "मारा."

गोळी साडेतीनशे मीटर जायला टाळी वाजवायला लागतो तेवढाच वेळ लागतो. तेवढ्यात नराने पुढचं पान खायला एक पाऊल टाकलं. तेवढंच झालं. तो पाठ वाकवून उडाला आणि रानात शिरला, आणि काकांचा चेहरा पाहून मला कळलं की गोळी पोटात बसली आहे. जावई फोन पुढे करून दाखवत होता की सगळे आकडे बरोबर आहेत, आणि ते खरोखरच बरोबर होते.

जखमी जनावराच्या मागे लगेच धावायचं नसतं. ते आणखी लांब पळतं, सोडलं तर जवळच बसतं. त्यामुळे आम्ही तिथेच बसून राहिलो. ते बसणं मी विसरणार नाही. मग दरी ओलांडून काका गवताचं पान न्‌ पान बघत गेले. रक्ताचा एक डाग मिळाला, पुढे काही नाही, आणि उजेड संपला. घरी अनारशांचा डबा कुणी उघडला नाही. मुलगी मला किचनमध्ये तिच्या इंग्रजी वळणाच्या मराठीत म्हणाली, "बाबा खूप अपसेट झाली आहे, तू बोल ना तिच्याशी." मी बाहेर जाऊन पाहिलं. काका बागेतल्या खुर्चीवर रानाच्या दिशेला तोंड करून बसले होते. तिथून रान दिसत नाही, मध्ये चार राउंडअबाउट आहेत.

पहाटे शेतकरी त्याचा कुत्रा घेऊन आला. जावयाला दहा वाजता कॉल होता, त्याने तो रद्द केला. काकांनी त्याला यायला सांगितलं नव्हतं, तो आपला आपण बूट घालून उभा होता. कुत्र्याने वाट काढली ती एका डबक्यापाशी, नेच्यांच्या दाटीत. नर बसलेला होता. मान वर होती. तो जिवंत होता आणि रात्रभर तसाच होता.

काकांनी खूण केली तसे ते दोघे पोटावर सरकत गेले, मी मागे थांबले. आमच्या दिवाणखान्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत असेल एवढं अंतर राहिलं तेव्हा काकांनी रायफल जावयाच्या हातात दिली. त्याने ती खांद्याला लावली. त्याचा चष्मा वाफेने भरला, त्याने पुसला, पुन्हा लावला. नराच्या कानावर माश्या बसत होत्या आणि तो कान हलवत होता. जावई सहाशे मीटरवरची प्लेट वाजवणारा, त्याने गोळी न मारताच रायफल खाली ठेवली. काकांनी ती उचलली. श्रावणात, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यांनी गोळी मारली.

गाडीत दुसऱ्या राउंडअबाउटपाशी जावई म्हणाला, "बाबा, ॲपमध्ये सगळं करेक्ट होतं."

"होतं ना," काका म्हणाले. "गोळी सुटली तेव्हा करेक्टच होतं."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला वाटतं राग असता तर जावयाला बरं वाटलं असतं.

ऑक्टोबरात मंडळाची कोजागिरी झाली. भाड्याचा हॉल, मोठ्या भांड्यात मसाला दूध, बाहेर ढगाआड चंद्र. कुणीतरी सवयीप्रमाणे काकांना शिकारीवरून छेडलं आणि मागच्या रांगेने ओठ हलवायची तयारी केली. एकाने तर त्यांच्या आधीच वाक्य सुरू केलं, की काकांच्या हातून आजवर एकही जनावर.

"एक सुटलं," काका म्हणाले. "रात्रभर सुटलेलं होतं."

वॉटफर्डहून खास आलेला जावई दुधाचा पेला खाली ठेवून उभा राहिला. म्हणाला, "बाबांनी नाही. गोळी मी मारली होती."

काका उठले, खुर्च्यांमधून वाट काढत त्याच्यापर्यंत गेले, त्याच्या नाकासमोर उभे राहिले आणि नेहमीच्या हळू आवाजात म्हणाले, "बोट तुमचं होतं, जावईबापू. 'मारा' मी म्हणालो."

हे पहिल्या रांगेला ऐकू गेलं नाही, मी शेजारी होते म्हणून मला आलं. सगळ्या मंडळासमोर आपली एकुलती एक फुशारकी या माणसाने मोडून टाकली आणि वर मोडल्याचं खापरही स्वतःकडे ठेवून घेतलं. मला काकांबद्दल त्या क्षणी फार प्रेम वाटलं. मग काकूंनी दूध आणखी गरम केलं.

मी पुढे लग्न करून कॉव्हेंट्रीला आले. काका दर एप्रिलमध्ये आपलं अंतर सांगायला येतात. फोन करत नाहीत, मोटरवेने दोन तास गाडी चालवून येतात, माझ्या नवऱ्याला दचकवतात, आकडा सांगतात, चहा घेतात आणि जातात. आकडा दरवर्षी लहान होत होता. या एप्रिलमध्ये आले, दारात माझ्या नाकासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "यंदा नाही."

पार जवळून मारूनही तीन गोळ्या वाटीत बसल्या नव्हत्या. रायफल त्यांनी त्याच आठवड्यात डीलरकडे परत केली होती. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं, डॉक्टरांनी नाही आणि पोलिसांनीही नाही. मला वाईट वाटलं आणि मी तसं म्हणाले. ते म्हणाले, त्यात काय, दवाखानाही असाच बंद केला होता, एका सकाळी हात पाहिला आणि बंद केला. मात्र चहात त्यांनी दोनदा साखर घातली.

शेतावर आता जावई जातो. त्याने रीतसर परीक्षा देऊन लायसन्स बदलून घेतलं, श्रावण पाळतो आणि शेतकऱ्याला तारखाही तोच कळवतो. यंत्रं विकली. दर एप्रिलला खडूच्या खाणीत कागद लावतो, पण गोल काढतो तो अनारशाच्या त्या चांदीच्या वाटीने.

मी विचारलं, त्याचं यंदा किती?

"चाळीस."

साडेतीनशेवाल्याचे चाळीस. मला हसू आलं. म्हटलं, "अहो काका, ती वाटी केवढीशी आहे. असं कसं होणार त्याचं? काकूंची आमटीची द्यायची ना त्याला."

काका उठले, टेबलाला वळसा घालून माझ्याजवळ आले आणि वाकून हळूच म्हणाले, "दिली होती गं. जावईबापूंनी परत केली."